दिव्यातला किडा

नानासाहेब इंगवले देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगून बघत. गाडीचे पुढचे दिवे पिवळट, धुरकट झाले तेव्हा ते मालनच्या गॅरेजात आले आणि आल्या आल्या त्यांनी बजावलं, "दिवे नुसते घासायचे, बदलायचे नाहीत. आणि उजव्या दिव्यात किडा मरून पडलाय, तो काढ."

"तो आत आहे, नानासाहेब. दिवा फोडल्याशिवाय निघायचा नाही."

"मग राहू दे."

नानासाहेब खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. मालन पाणी मारत पॉलिश पेपरने काचा घासू लागली. ऊन चढलं तसा नानासाहेबांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा दिवे आरशासारखे लखलखत होते.

"माझे दिवे काढून डुप्लिकेट बसवलेस," ते कडाडले. अर्धा बाजार गोळा झाला. "माझ्या डोक्यात किडा वळवळतच होता. चल आता चौकीवर."

मालनने उजव्या दिव्यावर बोट टेकवलं. आत तो किडा तसाच उताणा पडलेला.

"दिव्यातला किडा जागच्या जागी आहे, नानासाहेब. फोडल्याशिवाय निघत नाही, म्हणून ठेवला. तुमच्या डोक्यातल्या किड्याचंही तसंच आहे, म्हणून त्यालाही हात लावला नाही."