पत्र्याची डबी आणि बांगडीची किणकिण

फार जुनी गोष्ट, घरातल्या वस्तू दुपारी डुलक्या घेत गप्पा मारायच्या तेव्हाची. खोटं वाटत असेल तर तुमच्या टीव्हीला विचारा.

आकड्यांत साठवलेल्या डिजिटल गाण्याचा पुन्हा आवाज करून स्पीकरला देणारी डबी बिघडली आणि जुना स्पीकर मुका झाला. संध्याकाळपर्यंत त्याने नवी डबी निवडली नाही, तर तो भंगारात जाणार होता. निवडीसाठी दोन डब्या समोर होत्या, एक सोनेरी आणि एक पत्र्याची.

"मलाच घे. वजन बघ माझं," सोनेरी डबी म्हणाली. तिने गाणं वाजवलं. तंबोरा, गाणारी, सगळंच मधाच्या धुक्यात विरघळलं.

पाव किमतीच्या पत्र्याच्या डबीने तेच वाजवलं. तंबोरा जागा झाला, गाणारीची बांगडी हळूच किणकिणली.

"यात तुझं काय गं?" सोनेरीने टोमणा मारला.

"माझं काहीच नाही, ताई."

स्पीकरने पत्र्याच्या डबीकडे वायर सरकवली.