खिळ्याविना मांडव

सुरंगीनगरात दरसाल चैत्री उत्सवाचा मांडव भागूबाई बुरूड घालायची. साडेतीनशे बांबू, सगळे काथ्याच्या दोरीने बांधलेले. खिळा म्हणून एक नाही. उत्सव संपला की गाठी सोडायच्या आणि तेच बांबू पुढच्या वर्षी पुन्हा उभे करायचे. बारा वर्षं वापरले, तरी एकालाही चीर गेलेली नव्हती.

त्या वर्षी संस्थानाला नवे दिवाण आले, भास्करपंत. त्यांनी स्वतःच्या नावाची मणभर पितळी पाटी घडवून आणली. भागूबाई ती दर्शनी खांबांना दोरीने बांधू लागली, तसे ते भडकले.

"दिवाणाचं नाव काय दोरीवर लोंबणार? चांगले वीतभर खिळे ठोक. पाटी कायमची राहिली पाहिजे. जमत नसेल तर मांडवाचं काम दुसऱ्याला देतो."

खिळा शिरला की बांबू उभा चिरतो, पण हे सांगून ऐकणारे ते नव्हते. भागूबाईने हातोडा उचलला.

"ठोकते, सरकार. पण कायमची पाटी ठोकायला आधीच्या तिन्ही दिवाणांनीही सांगितलं होतं. त्यांचं ऐकलं असतं, तर आज तुमची कुठं लावली असती?"

दिवाणांनी त्या मोकळ्या खांबांवरून एकदा हात फिरवला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "दोरीच बांध. पण गाठ घट्ट मार."

"घट्टच मारते, सरकार," भागूबाई म्हणाली, "पण सोडता येईल अशी."