टिकलीची साखळी चढेना

टिकली म्हणजे इवलीशी उंदरी. शेपूट दोऱ्याएवढं, सायकल मुठीएवढी.

टिकलीची शेजारीण झुबकी खार. तिचीही सायकल. रोज सकाळी दोघींची शर्यत. सरळ रस्ता, टोकाला जांभळाचं झाड. जी आधी पोचेल, तिला टपोरं जांभूळ!

टिकलीच्या पायडलजवळ दोन दातेरी चाकं. एक छोटं, एक मोठं. साखळी छोट्यावर, तर सायकल हळू. साखळी मोठ्यावर, तर सायकल सुसाट! साखळी वर चढवायला हँडलवर एक खटका.

आज टिकलीनं खटका दाबला. खटक!
साखळी चढेना.
पुन्हा दाबला. खर्र, खर्र, खर्र!
साखळी चढेचना. टिकलीचे पाय भिरभिर भिरभिर. सायकल मात्र टुकुटुकु.

ट्रिंग ट्रिंग! झुबकी गेली सुर्रर्र! जांभूळ तिनंच खाल्लं. गट्टम!

टिकलीचं नाक लाल. कान लाल. पोटात नुसती जळजळ. "तिची सायकल पळते, माझी का नाही?"

टिकली खाली उतरली. टुण टुण, साखळीकडे गेली.
"साखळीताई, साखळीताई, वर चढ ना!
झुबकी पुढे, मी मागे!"
साखळी म्हणाली, "मी नाही चढत, जा! शेजारची पट्टी मला ढकलत नाही."

टुण टुण, टिकली पट्टीकडे गेली.
"पट्टीबाई, पट्टीबाई, साखळीला ढकल ना!
साखळी चढेना,
झुबकी पुढे, मी मागे!"
पट्टी म्हणाली, "मी नाही ढकलत, जा! खटक्याची तार मला ओढत नाही."

टुण टुण, टिकली तारेकडे गेली.
"तारताई, तारताई, पट्टीला ओढ ना!
पट्टी ढकलेना,
साखळी चढेना,
झुबकी पुढे, मी मागे!"
तार म्हणाली, "मी नाही ओढत, जा! नट ढिला, मला धरत नाही."

टुण टुण, टिकली नटाकडे गेली.
"नटदादा, नटदादा, तारेला धर ना!
तार ओढेना,
पट्टी ढकलेना,
साखळी चढेना,
झुबकी पुढे, मी मागे!"
नट म्हणाला, "मी नाही धरत, जा! छोटा पाना मला आवळत नाही."

छोटा पाना होता हौसामावशीच्या सायकलच्या दुकानात. टिकली सायकल ढकलत तिथे गेली. पाना कुठाय? फळीवर नाही. डब्यात नाही. तो बसला होता कपाटाखाली, अंधारात, तोंड फुगवून.

"पानाभाऊ, पानाभाऊ, नटाला आवळ ना!
नट धरेना,
तार ओढेना,
पट्टी ढकलेना,
साखळी चढेना,
झुबकी पुढे, मी मागे!"
पाना म्हणाला, "मी नाही आवळत, जा! मावशी रोज पक्कडीला पुसते. पक्कडीला तेल लावते. मला नाही!"

टिकलीनं त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्याही पोटात जळजळ?"
"खूप!" पाना म्हणाला.

टुण टुण, टिकली मावशीकडे गेली.
"मावशी, मावशी, पान्याला पूस ना!
पाना आवळेना,
नट धरेना,
तार ओढेना,
पट्टी ढकलेना,
साखळी चढेना,
झुबकी पुढे, मी मागे!"

मावशी ताडकन उठली. "अगं बाई! पाना सापडला? दोन दिवस शोधतेय मी त्याला! कुठाय?"
"कपाटाखाली. रुसलाय."

मावशीनं हात घातला. पाना बाहेर काढला. "अरे माझ्या सोन्या! तू नाहीस, तर छोटी कामं करणार कोण?" पुसपुस पुसपुस! टिप टिप तेल!

पाना हसला.
पान्यानं नटाला आवळलं. करकच्च!
नटानं तारेला धरलं. घट्ट!
तारेनं पट्टीला ओढलं. टंग!
पट्टीनं साखळीला ढकललं. हुश्श!
आणि साखळी? चढली की मोठ्या चाकावर! खट्टाक!

दुसऱ्या दिवशी पुन्हा शर्यत. झुबकी निघाली सुर्रर्र! टिकलीनं खटका दाबला. खट्टाक! टिकली निघाली सुर्रर्र सुर्रर्र! झुबकीला गाठलं. झुबकीला मागे टाकलं. ट्रिंग ट्रिंग!

टिकली पहिली! टपोरं जांभूळ टिकलीचं!

झुबकीनं गाल फुगवले. "उद्या बघतेच तुला!"
"बघ की," म्हणाली टिकली. तिनं जांभूळ खाल्लं. सगळं! एकटीनं!

आता पोटात जळजळ? छे! पोटात जांभूळ.

जीभ झाली जांभळी, गोष्ट इथे थांबली.