कॅमेऱ्यापुढे धरलेला अंतरपाट

एका बाजाराच्या गावी एक वृद्ध छायाचित्रकार राहत होते. नाव यादवराव कासार. गाव त्यांना आण्णा म्हणे. चाळीस वर्षे त्यांनी लग्ने टिपली. स्वभाव कडक. लग्नघरी गेले तर चहा घेत, पण गप्पा मारीत नसत. फोटोसाठी कधी कुणाला ‘हसा’ म्हटले नाही. लोक हसायचे तेव्हा हसत, रडायचे तेव्हा रडत, आणि आण्णांच्या फोटोत तसेच उतरत.

त्याच गावात भूषण नावाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. वडील वारले तरी गिरणी चांगली चालत होती. सकाळी डबे घेऊन बायकांची रांग लागे. पण भूषणला पिठाची लाज वाटे. मित्र त्याला पांढरा उंदीर म्हणत. त्याने ठरवले की आपण लग्नाचे फोटो काढायचे. ठरवले यात काही चूक नव्हती. चूक पुढे झाली. एकाही लग्नात कॅमेरा न धरता त्याने आधी गिरणी विकली. आईला विचारले होते. ती म्हणाली, तुला समजेल तसं कर. त्याला काय समजत होते, हे तिने विचारले नाही.

गिरणीच्या पैशांतून दोन कॅमेरे आले. पाच लेन्स आल्या. आकाशात उडणारा ड्रोन आला, कॅमेरा हलू नये म्हणून मोटार बसवलेला दांडा आला, छत्र्या लावलेले दिवे आले. पाठीवर नाव छापलेले काळे जाकीट आले. सगळे आल्यावर त्याच्या मनात आले की आता कुणाकडून तरी शिकून घ्यावे.

मग तो नारळ घेऊन आण्णांकडे गेला. सोबत सगळे साहित्य नेले. ओसरीवर चादर अंथरून एकेक वस्तू मांडली आणि म्हणाला, तुमच्या हाताने हळदकुंकू लागू द्या.

आण्णांनी नारळाला हात लावला नाही. किती लग्नं काढलीस, असे विचारले. भूषण म्हणाला, अजून एकही नाही, आधी साहित्य तर पाहिजे. मग आण्णांनी त्याला साधे प्रश्न विचारले. मंगलाष्टके चालू असताना मुलीचा मामा कुठे उभा असतो? कान पिळायला मुलीचा भाऊ कधी येतो? मंगळसूत्र बांधताना नवरीची मान कुठल्या बाजूला वळते? भूषणला एकाचेही उत्तर आले नाही. तो म्हणाला, “आण्णा, तुमचा काळ वेगळा होता. आता पार्टी आधी कॅमेरा बघते, मग माणूस.”

“मग कॅमेऱ्यालाच पाठव की लग्नाला,” आण्णा म्हणाले. “तू कशाला जातोस?”

तरीही त्यांनी त्याला शिष्य म्हणून घेतले. अट एकच घातली. हे सगळे घरी ठेवायचे आणि दोन महिने लग्नांत नुसते माझ्या मागे उभे राहायचे. भूषण चार लग्नांना आला. आला म्हणजे मांडवाच्या कडेला उभा राहून मोबाइलमध्ये लेन्सच्या किमती बघत राहिला. पाचव्या वेळी आला नाही. त्याला स्वतःचे पहिले काम मिळाले होते.

काम होते दत्तोबा लोखंड्यांच्या घरचे. दत्तोबा एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. बायको चार वर्षांपूर्वी गेली. घरात ते आणि मुलगी मेघना, दोघेच. तिचे लग्न ठरले तेव्हा दत्तोबांनी जेवणाचे, बँडचे, मांडवाचे सगळे नातलगांवर सोपवले. स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. चांगला अल्बम पाहिजे. पोरगी गेल्यावर घरात बघायला तेवढेच उरणार, असे ते म्हणाले. त्यांच्या मनात आण्णांना बोलवायचे होते. भाच्याने त्यांना वेड्यात काढले. मामा, आता ड्रोनशिवाय लग्न असतं का? दत्तोबांना ड्रोन म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. त्यांनी भूषणला सुपारी दिली. आण्णांना पाहुणा म्हणून पत्रिका दिली.

लग्नाच्या दिवशी आण्णा तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर बसले आणि पाहत राहिले. पाहण्यासारखे बरेच होते. मंगलाष्टके सुरू होताच भूषणने ड्रोन उडवला. त्याच्या वाऱ्याने समई विझली. एका आजीचा पदर उडाला, भटजींच्या पोथीची पाने उलटली. शेवटचे ‘सावधान’ झाले, अंतरपाट निघाला, नवरा-नवरीने एकमेकांकडे पाहिले. त्या वेळी भूषण मान वर करून आभाळाकडे बघत होता. मग हार घालायला सांगितले. घातले. पुन्हा काढायला लावले, पुन्हा घातले. तिसऱ्यांदा घालताना मेघनाच्या चेहऱ्यावर काही उरले नव्हते. कन्यादानाच्या वेळी दत्तोबांना त्याने सांगितले, “काका, पाणी थांबवा. इकडं बघा. हां, आता सोडा.” दत्तोबांनी आज्ञा पाळली. जन्मभर प्रवाशांना सरका पुढे म्हणणारा माणूस, त्या दिवशी जो म्हणेल तिकडे सरकत होता.

नंतर मंगळसूत्र आले. नवऱ्याने ते मेघनाच्या गळ्यात घातले, आकडा लावला. भूषण नेमका तेव्हा लेन्स बदलत होता. कॅमेरा डोळ्याला लावून त्याने पाहिले, तर काम होऊन गेले होते.

“भटजी, थांबा,” तो म्हणाला. “वहिनी, तेवढं जरा काढा. परत एकदा बांधू. माझा हुकला.”

मेघनाचा हात गळ्याशी गेला. मंगळसूत्र तिने मुठीत धरले. चार वर्षांपूर्वी, आई गेली तेव्हा, तिरडीवर ठेवण्याआधी तिच्या गळ्यातले काढून घेताना तिने पाहिले होते. ते का काढतात आणि कधी काढतात, हे तिला कुणी सांगायला नको होते. भटजींनी पोथीत डोके घातले. वरमाय दुसरीकडे बघू लागली. कुणीतरी म्हणाले, एका मिनिटाचं तर काम आहे. आणि नवरा, सकाळपासून ‘पुन्हा’ या शब्दाची सवय झालेला तो भला मुलगा, आकडा काढायला तिच्या मानेमागे हात नेऊ लागला.

तेव्हा आण्णा उठले.

ते बोहल्यावर चढले. बाजूला घडी करून ठेवलेला अंतरपाट त्यांनी उचलला, झटकला आणि भूषणच्या कॅमेऱ्यासमोर आडवा धरला. नवरा-नवरी एका बाजूला, कॅमेरा दुसऱ्या बाजूला. लोकांना काही कळेना. चाळीस वर्षे फोटो काढलेला माणूस फोटो अडवून उभा होता. कुणीतरी मागून म्हणाले, म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय, काम हुकलं ना. हशा पिकला. आण्णांनी तिकडे पाहिले नाही.

“चालू द्या, भटजी,” ते म्हणाले.

दत्तोबा कासावीस होऊन पुढे आले. म्हणाले, “आण्णा, अहो काय करताय? माझ्या पोरीचे फोटो आहेत ते. मला तेवढंच उरणार आहे.”

“दत्तोबा, सकाळपासून इथं लग्न झालंच नाही. लग्नाचं नाटक झालंय. आधी लग्न होऊ द्या.” मग ते मांडवाकडे वळले. “आणि तुम्ही शंभर माणसं. पोरीच्या गळ्यातलं काढायला सांगतोय आणि तुम्ही बसून बघताय. एकाच्याही तोंडून नको म्हणून शब्द निघाला नाही. कशाला आलात? अक्षता टाकायला की सिनेमा बघायला?”

आता कुणी हसले नाही.

अंतरपाट एकट्याला ताणून धरता येत नाही. आण्णांनी भूषणला हाक मारली. “इकडं ये. हे टोक धर.”

भूषणचे तोंड रागाने लाल झाले होते. त्याची पहिली सुपारी मोडत होती, तीही सगळ्या गावासमोर. त्याला निघून जावेसे वाटले. पण शंभर माणसे आता त्याच्याकडे बघत होती. त्यातले एकही त्याच्या बाजूचे नव्हते. त्याने कॅमेरा खुर्चीवर ठेवला आणि टोक धरले. दोन्ही हात गुंतले.

होम झाला. लाह्या पडल्या. सप्तपदी सुरू झाली. कापडाच्या टोकाला उभा असलेला माणूस कापडाच्या दोन्ही बाजू पाहू शकतो. भूषणला प्रथमच काही दिसू लागले. उपरण्याची गाठ आखूड होती, म्हणून नवरा आपले पाऊल मेघनाच्या पावलाएवढे लहान करून टाकत होता. मेघनाचा उजवा हात त्याच्या हातात होता. डावी मूठ अजून गळ्याशी होती. तांदळाच्या तिसऱ्या राशीपाशी ती सैल झाली. दत्तोबा खांबाला टेकून ओठातल्या ओठात पावले मोजत होते, जसे गाडी सुटण्याआधी माणसे मोजत असतील. सातव्या राशीवर मेघनाचे पाऊल पडले. मोजणे थांबले. दत्तोबांनी टोपी काढून हातात घेतली. का काढली, ते त्यांनाही ठाऊक नसावे.

या एकाही गोष्टीचा फोटो निघाला नाही. भूषणच्या हातात कापड होते.

विधी संपल्यावर आण्णांनी अंतरपाटाची घडी केली. भूषण म्हणाला, “आण्णा, तुम्ही मला संपवलंत. आता या गावात मला कोण बोलवेल?”

आण्णांचा राग उतरला नव्हता. उतरावा असे काही घडलेही नव्हते. ते म्हणाले:

“मी नाही संपवलं. तू सुरूच झाला नव्हतास. अंतरपाट कशाला धरतात? वेळ आल्याशिवाय बघू नये म्हणून. ज्यांचं लग्न आहे ती दोघं हा नियम पाळतात. तू कोण लागून गेलास? तुझा बाप पिठाची धार दोन बोटांत धरून सांगायचा, दगड किती आवळायचा ते. गिरणी कुठल्या कंपनीची, हे एका बाईनं त्याला विचारलं नाही. तू बोटं तयार केली नाहीस, दुकान खरेदी केलंस. आणि एवढा पैसा घातला म्हणून तुला वाटलं, लग्न आपल्यासाठी थांबलं पाहिजे. ज्याला काम येत नाही तोच लोकांना ‘पुन्हा करा’ म्हणतो. तुझी चूक झाकायला तू त्या पोरीच्या गळ्यातलं काढायला निघालास. चोर तरी अंधारात काढतो.”

एवढे बोलून ते जेवायला गेले. शेवटचे वाक्य फार कठोर होते. त्यांनी ते मागे घेतले नाही.

भूषण बराच वेळ कॅमेऱ्याशेजारी बसून राहिला. त्याला पंगतीला कुणी बोलावले नाही. मग तो उठला. मेघना मैत्रिणींत बसली होती. तिच्यापुढे जाऊन त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, ताई, चुकलं. मैत्रिणींनी तोंडे फिरवली. तो परत आला. दिवे, छत्र्या, ड्रोन, दांडा सगळे त्याने गाडीत नेऊन टाकले. एक कॅमेरा गळ्यात ठेवला. काळे जाकीट काढले, कारण पाठवणीच्या गर्दीत ते उगाच मध्ये मध्ये आले असते.

पाठवणीला तो भिंतीशी उभा राहिला. कुणाला काही सांगितले नाही. कुणाला सरका म्हटले नाही. मेघना एकेकाच्या पाया पडत शेवटी दत्तोबांपाशी आली. भूषणने कॅमेरा डोळ्याला लावला. त्याच वेळी दत्तोबांना हुंदका आला आणि त्यांनी पंजाने तोंड झाकले. कंडक्टरचा तो रुंद पंजा, बोटे तिकिटांच्या शाईने कायमची काळवंडलेली. मिळेल तर हाच फोटो, असे भूषणला वाटले. सकाळी त्याने तो काढला असता आणि वर ‘काका, हात खाली घ्या’ असेही म्हटले असते.

त्याने कॅमेरा खाली घेतला.

दत्तोबा लेकीच्या खांद्यावर डोके ठेवून रडत राहिले. गाडीवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. भूषण थांबला. सगळा दिवस गेला होता, अल्बममध्ये लावण्यासारखे त्याच्याकडे जवळजवळ काही नव्हते, आणि गाडी निघाली की संपले. तरी तो थांबला. दारात उभे राहून आण्णा हे पाहत होते. त्यांनी त्याला खूण केली नाही, शाबासकीही दिली नाही.

मग दत्तोबांनी तोंडावरून हात फिरवला. इकडे तिकडे पाहिले. भिंतीशी उभा असलेला भूषण त्यांना दिसला, कॅमेरा खाली, हात बाजूला. थोडा वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी मेघनाला जवळ ओढले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले,

“आता काढ.”

भूषणने एक फोटो काढला. मेघनाने नजर चुकवली नाही.

साहित्य कुणालाही विकत घेता येते. समोरच्या माणसाने आपणहून ‘आता काढ’ म्हणावे, एवढी लायकी आधी कमवा. मग दुकानात जा.