नावाड्याची ओ

फार वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या खेड्यात ओबेद हॅस्किन्स नावाचा नावाडी राहत होता. त्या घाटाची एक रीत होती. पैलतीरावरून हाक आली की नावाड्याने आधी ओ द्यायची, मग होडी सोडायची. धुक्यात होडी दिसत नाही. ओ ऐकली म्हणजे थांबलेल्याला धीर येतो. ओबेदने एकही हाक वाया जाऊ दिली नव्हती. म्हणून तर गावाने त्याला राज्याच्या विधानसभेवर निवडून दिले.

निघताना म्हातारी प्रुडन्सकाकू धक्क्यावर आली. तिचा नवरा आणि दोन लेकरे त्याच गावच्या मातीत होती.

"ओबेद, तिकडे उंच टोप्या घालतात म्हणे. तुझी टोपी कानांवर उतरू देऊ नकोस हो."

"तुमची हाक मला तिथंही ऐकू येईल, काकू," तो हसून म्हणाला.

पुढे धरणाचा ठराव आला. धरणाने शहरातल्या गिरण्या चालणार होत्या आणि ओबेदचे गाव बुडणार होते. एका गिरणीमालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होकार कोण मागतंय तुमच्याकडे? गप्प राहा, एवढंच. सभापतीची खुर्ची रिकामी होते आहे."

मतदानाला कारकून एकेक नाव पुकारू लागला. "ओबेद हॅस्किन्स."

ओबेद जागेवरच होता. त्याने मान खाली घातली. कारकुनाने पुन्हा पुकारले, जरा थांबला आणि पुढच्या नावाकडे वळला. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला.

'मी गावाविरुद्ध मत दिलेच नाही,' ओबेदने मनाची समजूत घातली.

पाणी चढले. गाव सोडून सगळे गेले. प्रुडन्सकाकू तेवढी शेवटच्या गाडीत चढली नाही. ओबेद सभापती झाला.

नव्या खुर्चीवरचा पहिलाच दिवस. हजेरी सुरू झाली.

"ओबेद हॅस्किन्स."

"हजर," ओबेद म्हणाला.

कारकुनाने उंच खुर्चीकडे पाहिले आणि पुन्हा नाव घेतले. आता ओबेद उभा राहून जीव खाऊन ओरडला. सभागृहात एकही मान वळली नाही.

"गैरहजर," कारकून म्हणाला.

ओबेद तसाच गावाकडे धावला. जिथे गाव होते तिथे सपाट, करडे पाणी पसरले होते. धुके उतरत होते. तळ्याच्या मधोमध, जिथे कधीकाळी दफनभूमी होती, तिथून प्रुडन्सकाकूचा शांत आवाज आला.

"ओबेद, होडी आण रे."

त्याने तोंडाशी हात धरून ओ दिली. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताठल्या, पण आवाज उमटला नाही. तो काठावरच्या एका होडीत बसला आणि धुक्यात शिरला. परतलेला कुणी पाहिला नाही.

तिथले लोक सांगतात, धुके पडले की त्या तळ्यावर वल्ह्यांचा आवाज येतो. हाकही येते. ओ मात्र येत नाही.

तात्पर्य: आपले नाव पुकारले गेले असताना पाळलेले मौन हेही मतच असते, आणि ते बळवंताच्याच पारड्यात पडते.