फरशीवरचे दोन चरे

चपला दाराशीच काढा पाव्हणं, आणि आत पाऊल टाकताना वर नका बघू, खाली बघा. येणारे सगळे आधी भिंतीवरच्या गोधड्यांचे फोटो काढतात, मग त्या माईकचे. फरशीकडं कुणाचं लक्ष जात नाही. त्या लोखंडी खुर्चीच्या मागच्या पायांपासून दोन चरे निघालेत, दिसतात? वीतभर लांब, बोटाचं टोक बसेल एवढे खोल. मागल्या महिन्यात एक साहेब आले होते, त्यांना वाटलं वायर टाकायला खणलेत. वायर कसली डोंबलाची! शहाबादी फरशी आहे ती, आणि खुर्चीनं कोरलीय. कशी कोरली ते ऐकायचं असेल तर बसा. घाईत असाल तर फोटो काढा आणि निघा.

हे मोरदऱ्याचं रेडिओ केंद्र. पण गावात कुणी केंद्र म्हणत नाही, 'नाका' म्हणतात. पूर्वी इथं टेकडीवर जकात नाका होता. जकात गेली, इमारत ओस पडली, शेळ्या बसायला लागल्या. मग निवृत्त हेडमास्तर अण्णा पोतनीस यांच्या डोक्यात रेडिओ शिरला. तीन वर्षं हेलपाटे घालून त्यांनी परवाना आणला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना शहरातून काही आणून लावायचं होतं, ते परवडेना. तेव्हा गावातल्या बायकांनी घराघरांतून एकेक गोधडी दिली. त्या ह्याच. बातम्या म्हणायचं नाही असं परवान्यात होतं म्हणे, म्हणून अण्णांनी नाव दिलं 'खबरबात'. सकाळी पाणी कधी येणार, लाइट कधी जाणार. साडेअकराला खबरबात आणि तिला जोडून बाजारभाव. संध्याकाळी 'बोला काय ते', त्यात लोक फोन करून गटारापासून सुनेपर्यंत सगळ्यावर बोलायचे. हरवलेली म्हैस नाक्यावर सांगितली की दुपारपर्यंत दावणीला. नाक्यावर आलं म्हणजे खरं, असा लोकांचा भरवसा बसला.

पहिल्याच वर्षी एक भानगड झाली. एका वाचकानं ग्रामसभेची खबर वाचता वाचता स्वतःच्या सासऱ्याची एवढी तारीफ केली की दुसऱ्या पार्टीची माणसं काठ्या घेऊन दारात उभी. तेव्हा अण्णांनी नियम केला. ज्याच्या घरची खबर, त्यानं ती वाचायची नाही. लग्न असो, निकाल असो, मयत असो. वाचणाऱ्यानं गपगुमान खुर्ची मागं सारायची, उठायचं, आणि भिंतीशी दुसरा वाचक बसलेला असतो त्यानं पुढं येऊन वाचायचं. सगळं थेट चालायचं, त्यामुळं खुर्ची फरशीवर सरकल्याचा आवाज घरोघरी ऐकू जायचा. खर्रर्र!

लोकांना त्याचा नादच लागला. खुर्ची वाजली की बायका म्हणायच्या, "थांबा गं, घरचं आहे कुणाच्या तरी." आधी कोण वाचत होतं ते आवाजावरून माहीत असायचं, म्हणजे घर कुणाचं तेही कळायचं. आमचा वाचक इब्राहिम मुजावर उठला तेव्हा त्याची बहीण नर्सिंगच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिली आली होती. दुसऱ्यानं खबर वाचून संपवायच्या आत पेढे मागायला माणसं इब्राहिमच्या दारात. एका इंजिनिअरनं सांगितलं, अण्णा, खुर्चीच्या पायांना रबराच्या टोप्या घाला, आवाज वाईट येतो. अण्णा म्हणाले, "तोच तर आमचा सगळ्यात भरवशाचा कार्यक्रम आहे."

तर ह्या भरवशाचीच गोष्ट आहे.

नाक्यावर वाचायला शेवंता जाधव होती. बारावी शिकलेली, आवाज स्वच्छ, वाचताना अडखळणं माहीत नाही. नवरा बजरंग दुधाची गाडी चालवायचा. पहाटे डेअरीतून कॅन भरायचे, मुरमाड खिंड उतरायची, दुपारी बारापर्यंत परत. पोरबाळ नव्हतं अजून. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, कोंडाबाई. शेवंता तिला आत्या म्हणायची, आमच्याकडं तशीच रीत आहे. कोंडाबाईला दिसायला कमी, पण कान असे की शेजारच्या घरातलं दूध उतू चाललेलं हिला आधी कळायचं. साडेअकराला ती चुलीपुढं बसायची, रेडिओ डब्यावर ठेवायची, आणि सुनेचा आवाज ऐकत भाकरी थापायची. सून खबर वाचतेय म्हणजे तिची मान दोन बोटं ताठ.

ज्या दिवसाची ही गोष्ट, तो बुधवार होता. बाजाराचा दिवस. लोक सांगतात की त्या दिवशी कावळे ओरडले, घड्याळ थांबलं, अमुक झालं, तमुक झालं. काही थांबलं नव्हतं. घड्याळ सेलवर चालतं, ते चालूच होतं. शेवंता खुर्चीत, इब्राहिम भिंतीशी, दार बंद. खबरबात चालू असताना दार उघडायचं नाही, म्हणून मधेच आलेली खबर बाहेरच्या खोलीतून अण्णा चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवायचे. अकरा पस्तीसला फोन आला. पलीकडून जसं सांगितलं तसं अण्णांनी लिहिलं आणि चिठ्ठी सरकवली. इब्राहिमनं ती न वाचताच उचलून शेवंतापुढं ठेवली.

चिठ्ठीत होतं, आज पहाटे मुरमाड खिंडीत गाडी दरीत गेली, चालक बजरंग जाधव, राहणार मोरदरे, जागीच मयत. खाली गाडीचा नंबर.

आता मोरदऱ्यात बजरंग जाधव तीन. एक शेवंताचा. एक वरच्या आळीचा, सिटा भरून वडापची जीप चालवणारा. तिसरा पुण्याला कंपनीत. अण्णांना नाव ऐकून शंका आली नसेल असं नाही. पण त्यांनी मनाशी म्हटलं, हिच्या घरचं असेल तर ही उठेल. नियम आहे. गावाला गाड्यांचे नंबर पाठ नसतात. शेवंताला तो नंबर पाठ होता. दर अमावास्येला त्याच गाडीला ती लिंबू-मिरची बांधायची.

तिनं नंबर बघितला, आणि ती उठली नाही.

का उठली नाही, ह्यावर गावात तीन मतं आहेत. कुणी म्हणतं तिला शब्दच कळले नाहीत. कुणी म्हणतं, आपण बसून राहिलो तर ते आपल्या घरचं होणार नाही, असं तिला वाटलं. तिला स्वतःला कुणी विचारलं तर ती एवढंच सांगते, "मला माझे पाय सापडले नाहीत." तिनं खबर वाचली. नाव वाचलं, गाव वाचलं, नंबराचा आकडा न् आकडा वाचला. आवाज एका रेषेत. इब्राहिम नाव ऐकून अर्धा उठला, तिच्याकडं बघितलं, ती बसलेली, तेव्हा हा पण परत बसला. त्यानंतर तिनं लसीकरणाची खबर वाचली, शाळेत शुक्रवारी डोस आहे, लहान मुलांना घेऊन यावे. मग बाजारभाव. घेवडा, वाटाणा, ओला मका. कुठं अडखळली नाही. तिला काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं. हातात कागद आहे, कागदावर अक्षरं आहेत, ती वाचायची आहेत, एवढंच. वाटाण्याचा भाव वाचताना आपल्या मनात काही हलत नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्याचंही तिला काही वाटलं नाही.

इकडं गावात काय झालं बघा. खबर ऐकली सगळ्यांनी, आणि खुर्ची वाजली नाही हेही ऐकलं सगळ्यांनी. दोन बाया कोंडाबाईच्या दारापर्यंत आल्या होत्या, त्या उंबऱ्यावरूनच मागं फिरल्या. शेवंता उठली नाही, म्हणजे हा नव्हे. मग कोण? वरच्या आळीचा! अर्धं गाव वरच्या आळीला धावलं. त्याच्या अंगणात बायकांनी गळा काढला, कुणीतरी बांबू आणायलासुद्धा गेलं. एवढ्यात न्हाणीतून पंचा गुंडाळून, कानाला साबण तसाच, खुद्द बजरंग जाधव बाहेर आला. म्हणाला, "काय रं, कोण गेलं?"

हसू नका पाव्हणं. हसला तरी चालेल म्हणा. त्या अंगणातही एक-दोघांना हसू आलं होतं म्हणतात. मग सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं, पुण्याचा बजरंग पुण्यात असतो हे सगळ्यांना आठवलं, आणि माणसं शेवंताच्या घराकडं वळली.

शेवंतानं खबरबात संपवली. कागद सारखे केले, माईक बंद केला, पदर नीट केला. अण्णा दाराशी आले, म्हणाले, "शेवंता, तो नंबर..." ती म्हणाली, "येते अण्णा," आणि टेकडी उतरायला लागली. अण्णा तिथंच चौकटीला धरून उभे राहिले. तिनं वाटेत बाजारातून जाताना कोथिंबिरीची जुडी घेतली म्हणे. का घेतली देव जाणे. रोज घ्यायची म्हणून घेतली असेल.

घरी कोंडाबाईनं तीन पाट मांडले होते. सुनेची चाहूल लागताच म्हणाली, "आलीस? अगं, माझ्या तर काळजाचं पाणी झालं बाई. आपल्या बजाचंच नाव! कान देऊन ऐकत बसले, म्हटलं आता खुर्ची वाजतीय, मग वाजतीय. नाही वाजली, तवा कुठं जीव खाली पडला. कुणाचा गं त्यो? त्याची आई हाय का?"

शेवंतानं कोथिंबिरीची जुडी चुलीशी ठेवली.

"बस, तू घे खाऊन. बजा येईल एवढ्यात. आज त्याच्यासाठी लसणाची चटणी वाटलीय."

शेवंता पाटावर बसली. कोंडाबाईनं ताट पुढं सरकवलं, तव्यावरची भाकरी उलटली, दुसरी थापायला घेतली. तिच्या तोंडाची टकळी चालूच होती, त्या कुणाच्या तरी आईविषयीच. तिला कसं सांगितलं असेल, कोण बरोबर गेलं असेल, तिनं काय केलं असेल. शेवंतानं तोंड उघडलं. तासाभरापूर्वी जे सगळ्या मुलुखाला वाचून दाखवलं होतं, ते ह्या एका बाईपुढं तिच्या तोंडून निघेना. एक शब्द निघेना. दारात माणसं जमायला लागली होती, त्यांच्याही तोंडून निघेना.

मग तिनं हात खाली टेकले, पाट मागं सारला, आणि उठून उभी राहिली.

खर्रर्र.

कोंडाबाईचे भाकरीवरचे हात थांबले. तिनं मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली, धूर निघाला, तरी ती तशीच. मग तिनं चिमट्यानं तवा धरला आणि खाली उतरवला. एवढंच विचारलं, "मघाशी का नाही उठलीस?"

चौदाव्या दिवशी कोंडाबाई टेकडी चढून नाक्यावर आली. आयुष्यात पहिल्यांदा. एका हातानं सुनेला धरलेलं, दुसऱ्यात काठी. अण्णा पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "माझं चुकलं कोंडाबाई. मी विचारायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "चूक तुमची नाही, हिची नाही. खुर्चीची आहे." लोकांनी तिला ह्याच खुर्चीत बसवली. तिनं हातानं खुर्ची चाचपली, खाली फरशी चाचपली. आणि मग बोलली. ते शब्द गावात अजून जसेच्या तसे सांगतात.

"एक तासभर मी लेकासाठी भाकरी थापत बसले, अण्णा. खुर्ची वाजली नाही म्हणून दुसरीच्या लेकाची कीव करत बसले. असं कुठल्या आईला बसवू नका. मयताची खबर कुणाची का असंना, बसून वाचायची नाही."

अण्णांनी मान डोलावली. तेव्हापासून ही रीत पडली. मयत कुणाचंही असो, सरपंचाचं असो की वेशीबाहेर सापडलेल्या बेवारशाचं, चिठ्ठी हातात आली की वाचणारा आधी खुर्ची मागं सारतो, उभा राहतो, मग नाव वाचतो. घरचं असेल तर आवाज तेवढा दुसऱ्याचा येतो. शेवंता महिन्याभरानं पुन्हा वाचायला बसली. पहिल्या दिवशी मयताची खबर आली, ती उठली, तिचे पाय तिला सापडले. ती रडली मात्र पुढल्या वर्षी, तेही बाजारात कोथिंबीर घेताना. अण्णा गेले तेव्हा त्यांच्यासाठीही तीच उठली. आणि तीन वर्षांमागं कोंडाबाई गेली. त्या दिवशी शेवंतानं खुर्ची सारली, उठली, भिंतीशी जाऊन उभी राहिली, आणि इब्राहिमनं पुढं येऊन नाव वाचलं. नियम तो नियम.

हे दोन चरे त्या आवाजाचे आहेत. नव्या कमिटीनं चाकांची खुर्ची आणली होती, मऊ, गोल फिरणारी. ती बाहेरच्या खोलीत आहे, तिच्यावर मांजर बसतं. फरशी बदलायचंही निघालं होतं, बायकांनी बदलू दिली नाही.

आता साडेअकरा होतील. दार बंद होईल, तुम्ही बाहेर त्या कट्ट्यावर बसा आणि खाली गावाकडं कान द्या. आजही खुर्ची वाजली की मोरदऱ्यात घरोघरी आधी तवा खाली उतरतो. नाव मागाहून ऐकतात.