दुल्सीची मूठ

सरका थोडे भिंतीकडे आणि ती उशी मला द्या. हं. एकदा काय झालं, समुद्राकाठच्या एका गावात कातरीन नावाची बाई राहत होती. नवरा पास्कोल, भला माणूस, दिवसभर केळीच्या वाडीत राबायचा. लेक एकच, दुल्सी. तीन वर्षांची, गालांवर खळ्या, आणि एकदा बोलायला लागली की थांबायची नाही. तुमच्यासारखीच.

त्या गावात एक रीत होती, बरं का. भातासाठी सुपात तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ काढायची आणि क्रुसाखालच्या मडक्यात टाकायची. तिला म्हणायचे येशूची मूठ. मग शनिवारी दुपारी मोनीमावशी टोपली घेऊन दारोदार यायची, मडकी रिकामी करून घ्यायची आणि ज्यांच्या घरात तांदूळ नाहीत त्यांना नेऊन द्यायची. कुणी किती घातले ते ती बघायची नाही. बघितलं तरी बोलायची नाही.

कातरीनची कणगी गळ्यापर्यंत भरलेली. पण मूठ टाकायची वेळ आली की ती हात आखडता घ्यायची. वाईट नव्हती हो ती. लहानपणी एका वर्षी समुद्राचं पाणी शेतात शिरलं होतं, सगळं भात जळून गेलं होतं, आणि उपाशी झोपणं म्हणजे काय ते तिला कळलं होतं. तेव्हापासून भरल्या कणगीतही तिला तळच दिसायचा. भ्यालेल्या माणसाची मूठ उघडत नाही, बाळांनो.

मग तिनं युक्ती काढली. रीत म्हणते, एक मूठ. कुणाची मूठ, ते काही रीत सांगत नाही. तिनं दुल्सीला उचललं, सुपाजवळ बसवलं आणि म्हणाली, आजपासून येशूची मूठ तू टाकायची. आता तीन वर्षांच्या पोरीच्या मुठीत किती मावणार? चिमणीला एक घास, बस्स. पण गावात केवढं कौतुक! एवढीशी पोर, नि बघा कशी देते. फादरसुद्धा म्हणाले, कातरीन, छान सवय लावलीस हो लेकीला. कातरीननं मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजली.

दुल्सी रोज विचारायची, "आई, अजून एक टाकू?"

"एकदाच टाकायची असते," कातरीन सांगायची.

अशी दोन वर्षं गेली. पोरी काय, दुधीसारख्या वाढतात. एक दिवस कातरीनच्या लक्षात आलं की दुल्सीच्या मुठीत आता बरेच तांदूळ येतात. ती तशीच क्रुसासमोर उभी होती, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हा हात एवढाच राहू दे रे देवा."

आणि तो हात तेवढाच राहिला.

नाही रे, देवानं नाही केलं. देव लेकरांच्या हातांशी असे खेळ करत नाही. तो आईचा शब्द होता. आईचा शब्द फार लवकर फळतो, चांगला काय नि वाईट काय. म्हणून तर मी तुम्हांला रागावतानासुद्धा जपून बोलते. हसू नका. जपूनच बोलते.

मग दुल्सी सहा वर्षांची झाली. पाय लांब झाले, वेणी कमरेला आली, पण उजवा हात पाच वर्षांचाच. पाटीवर पेन्सिल धरायची तर बोटं पुरेनात. कातरीन म्हणाली, होईल हळूहळू. मग सात वर्षांची झाली. विहिरीवर गेली, तर दोर हातातून निसटला आणि कळशी पाण्यात बुडाली. कातरीननं तेल लावलं, चोळलं, शेकलं. हात तेवढाच. मग आठ वर्षांची झाली आणि चर्चमध्ये पहिला ख्रिस्तप्रसाद घ्यायचा दिवस आला. पांढरा झगा, डोक्यावर फुलांचा मुकुट, काय गोड दिसत होती पोर. सगळी मुलं पेटलेल्या मेणबत्त्या घेऊन रांगेत चालली. दुल्सीची मेणबत्ती जाडजूड होती, मुठीत मावेना. ऐन चर्चच्या दारात ती खाली पडली आणि विझली. मागची दोन पोरं हसली. दुल्सी रडली नाही. तिनं हात झग्यात लपवला आणि मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत बाहेर काढला नाही.

कातरीनच्या काळजाचं पाणी पाणी झालं. घरी आल्यावर दुल्सी तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, माझी मूठ लहान आहे, म्हणून कुणाला कमी पडत असेल का गं?"

बघा पोरीचं. स्वतःच्या हाताचं दुःख नाही तिला.

कातरीन उठली ती थेट फादरांकडे गेली. रडत रडत सगळं सांगितलं, युक्ती, तो शब्द, सगळं. फादर म्हातारे होते, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता तुझ्या हातानं टाक."

मग कातरीननं पहिल्या दिवशी आपल्या हातानं मूठ भरली. पण सुपातून हात वर उचलता उचलता मूठ आपोआप आवळत गेली, निम्मे तांदूळ गळून सुपात परत आले. दुल्सीचा हात तेवढाच. दुसऱ्या दिवशी तिनं मूठ गच्च भरली, पण कशाची? कणीची. तीही कीड लागलेली. दुल्सीचा हात तेवढाच. तिसऱ्या दिवशी मात्र चांगल्या तांदळाची भरगच्च मूठ मडक्यात टाकली आणि लगेच वळून बघितलं, वाढला का हात? नाही वाढला. अगं बाई, देवाशी काय बाजार करायचा असतो? इकडून टाक, तिकडून घे?

कातरीन थकली. तिला वाटलं, आता काही खरं नाही. आपल्या लेकीचा हात आपणच खाल्ला.

मग शनिवार आला. मोनीमावशी तापानं आजारी, तिनं निरोप धाडला की आज तू तुझं मडकं खाडीवर साबीनकडे पोचव. साबीन म्हणजे कोण? तर खाडीच्या टोकाला राहणारी एक विधवा, पदरात तीन लेकरं. कातरीन इतकी वर्षं गावात राहत होती, पण त्या टोकाला कधी गेली नव्हती.

मडकं घेऊन गेली. साबीननं चुलीवर आधण ठेवलं होतं, नुसतं पाणी, तांदळाची वाट बघत उकळत होतं. भोवती तीन लेकरं गप्प बसली होती. लेकरं गप्प बसली की समजावं, भूक मोठी आहे. साबीननं तांदूळ सुपात ओतून घेतले. चौघांना कशीबशी पेज होईल एवढेच. आणि मग तिनं काय केलं माहितीय? त्यातली एक मूठ काढली. वाळकी मूठ, पण काठोकाठ भरलेली. भिंतीवरच्या क्रुसाखाली एक फुटक्या काठाचं मडकं होतं, त्यात टाकली.

कातरीन बघतच राहिली. म्हणाली, "अगं, तुझ्याकडे आहेत किती? नि त्यातलेही देतेस?"

साबीनला तिचं बोलणं कळेना. "आमच्याकडे आलं ना," ती म्हणाली. "कुणाकडे आलं नसेल."

कातरीनला उभं राहवेना. ती घराकडे पळत सुटली, पदर खोचून. घरी येऊन कणगीचं झाकण काढलं. मूठ नाही, ओंजळ नाही, सुपानं तांदूळ काढायला लागली आणि दोन कड्यांची मोठी टोपली भरून टाकली. तळ दिसेल की काय, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. डोळ्यांपुढे एकच, ते उकळणारं पाणी नि ती गप्प लेकरं. दुल्सी दारात उभी होती. कातरीन तिला म्हणाली, "बघतेस काय, धर तिकडून."

दुल्सीनं धरली. दोघी मायलेकी टोपली घेऊन निघाल्या, भराभर, वाडीतून, बांधावरून. अर्धी वाट गेल्यावर कातरीनचा हात भरून आला, म्हणून ती थांबली. आणि तेव्हा तिनं बघितलं. पलीकडची कडी दुल्सीनं उजव्या हातानं धरली होती. घट्ट. पाचही बोटं कडीला पुरून उरली होती.

कातरीन तिथंच मातीत बसली. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, गालाला लावला आणि हमसून हमसून रडली. पूर्ण आठ वर्षांच्या मुलीचा हात होता तो. एका हातात मावत नव्हता.

दुल्सीनं थोडा वेळ तिला रडू दिलं. मग आपल्या मोठ्या हातानं तिचे डोळे पुसले आणि म्हणाली, "आई, ऊठ ना. तिकडं पाणी उकळतंय."

मग दोघींनी टोपली उचलली. त्या दिवशी साबीनच्या घरी पेज नाही, चांगला भात शिजला, आणि लेकरांनी पोटभर जेवून एवढा गोंगाट केला की खाडीवरचे बगळे उडाले. पुढं कातरीन, पास्कोल नि दुल्सी सुखात राहिले, साबीन आणि तिची लेकरंही सुखात राहिली, आणि त्या गावात कणगीचा तळ कुणीच बघितला नाही. चला, आता हात जोडा, देवाचं नाव घ्या. आणि मग ते हात पांघरुणात, डोळे मिटा, झोपा बघू.